मागून येणारा उजेड

१

टिटवीला झोपवून तिच्या खोलीतून बाहेर पडणं ही चोरी असते. आधी तिच्या मुठीतून आपलं बोट सोडवायचं. मग श्वास रोखायचा. मग दार थोडं उचलून धरून लोटायचं, कारण बिजागरी कुरकुरते आणि आमच्या लेकीला ढगांचा गडगडाट चालतो पण बिजागरी चालत नाही.

टिटवी हे अर्थातच तिचं खरं नाव नाही. जन्मल्यावर तिने जो सूर लावला, तो ऐकून तिच्या आत्याने ते ठेवलं आणि मग खरं नाव दवाखान्याच्या फाइलीतच राहिलं. ती नुकतीच चालायला लागली आहे. झिंगलेल्या हवालदारासारखी चालते, पाय फाकवून, एकदा इकडे झुकत, एकदा तिकडे.

टिटवी होण्याआधी मी दर रविवारी डोंगरात सायकल चालवायचे. जाड टायर, पुढे शॉक, दगडधोंड्यांतून आणि मुळांवरून थेट खाली. ती झाल्यापासून सायकल बोळात भिंतीला टेकून उभी होती आणि तिच्या हँडलवर लंगोट वाळत होते. मी मात्र श्वास मोजायला लागले होते. माझा नाही, तिचा. गॅस बंद केला का, खिडकीची कडी लागली का, पांघरूण तोंडावर तर गेलं नाही ना. नवरा म्हणायचा, "अगं, तू झोप, मी जागतो," आणि पाचव्या मिनिटाला घोरायचा.

"दिवसा वेळ नाही ना तुला?" माझी नणंद एकदा म्हणाली. "मग अंधारात चालवू. डोंगर काय सहा वाजता घरी जातो?"

तिला मी वन्सं म्हणते. सुरुवातीला चेष्टेत म्हणायचे, मग तेच तोंडात बसलं, अहोजाहोसकट. तीही मला चेष्टेत वहिनीबाई म्हणते. ती नवऱ्याहून मोठी, एका शाळेत खेळ शिकवते आणि घाबरणं म्हणजे काय हे तिला पुस्तकात वाचून माहीत आहे.

खरं सांगते, ते वाक्य ऐकलं आणि मी उठून सायकलच्या टायरमधली हवा दाबून पाहिली. कित्येक महिन्यांत प्रथमच माझं तपासणं भीतीने नव्हतं.

"पण एक अट," वन्सं म्हणाल्या. "वर गेल्यावर घरी फोन करायचा नाही. एकदाही नाही."

मी हो म्हटलं. आणि मनाशी आणखी एक ठरवलं, जे कुणाला सांगितलं नाही. ही एक फेरी जमली तर आठवड्याची एक संध्याकाळ कायमची माझी. घाबरून मधूनच परत फिरले, तर सायकल विकायची आणि पुन्हा तो विषय काढायचा नाही. कारण मला कळायला हवं होतं की माझी भीती खरंच टिटवीसाठी आहे, की मीच आता तशी झाले आहे.

२

दिव्यांच्या दुकानात मी लहान मुलासारखी वागले, हे कबूल.

दुकानदार काउंटरवर एकेक दिवा मांडत होता. "हा बघा मॅडम, यात सहा मोड आहेत. हा एक तर नुसता लुकलुकतो."

"आम्हाला जंगलात जायचंय, वरातीत नाही," वन्सं म्हणाल्या.

त्याला राग आला नाही. त्याने दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि समोरच्या भिंतीवर एकामागून एक झोत टाकून दाखवले. एक पसरट, भिंतभर सांडलेल्या दुधासारखा. दुसरा अरुंद, मधोमध पांढराशुभ्र ठिपका. मी म्हटलं, "सगळ्यात जास्त ल्युमेनवाला द्या." वन्संनी माझा हात खाली केला.

"नुसता प्रखर घेऊन काय करशील? धुक्यात तोच उजेड तुझ्याच तोंडावर येईल. दोन घ्यायचे. पसरट हँडलवर, अरुंद हेल्मेटवर. हँडलवरचा दिवा सायकल जिकडे जाते तिकडे बघतो आणि हेल्मेटवरचा तू जिकडे बघतेस तिकडे. वळणावर सायकल अजून झाडाकडे तोंड करून असते, पण तुला रस्ता बघायचा असतो. तेव्हा डोक्यावरचा लागतो."

"मग नुसता डोक्यावरचाच का नाही?"

"लाव आणि बघ," म्हणाल्या.

मी तो दिवा कपाळाशी धरून काउंटरवरच्या पसाऱ्याकडे पाहिलं. पाने, साखळ्या, पेडल, सगळं लख्ख दिसत होतं, तरी काहीतरी विचित्र होतं. सगळं चित्रातल्यासारखं चपटं दिसत होतं. कोणती वस्तू उंच, कोणती खोल, काही कळेना.

"सावल्या नाहीत," मी म्हणाले.

"सावल्या आहेत. दिसत नाहीत. दिवा तुझ्या डोळ्यांपाशी आहे ना, म्हणून प्रत्येक वस्तूची सावली त्या वस्तूच्या मागेच लपते. खड्डासुद्धा सपाट दिसतो. म्हणून हँडलवर दुसरा. तो खाली असतो, दगडांच्या सावल्या पाडतो, त्यावरून खड्डे कळतात."

मला हे इतकं आवडलं की मी दुकानात तीनदा म्हणाले, "काय भारी आहे हे!" दुकानदाराने भीतभीत दोन्ही दिव्यांचं बिल केलं. गिऱ्हाईक एवढं खूश असलं की त्यालाही काळजी वाटत असावी.

३

दिवे बसवायला मला एक संध्याकाळ पुरली आणि ती मी कुणालाही दिली नसती.

बोळातले लंगोट काढले, सायकल पुसली. हँडलवर रबराचा तुकडा गुंडाळला, त्यावर क्लॅम्प, मग स्क्रू. जास्त आवळला तर प्लास्टिक तडकतं आणि सैल राहिला तर पहिल्या खड्ड्यात दिवा मान टाकतो. हेल्मेटला वरच्या भोकांतून वेल्क्रोचा पट्टा ओवला आणि बॅटरी मागच्या बाजूला बांधली, म्हणजे हेल्मेट कपाळावर घसरत नाही. मग कोन लावायचा. दोन्ही झोत एकमेकांना कुठे भेटतात, ते पाहायचं.

"तिकडे भिंतीपाशी उभा राहा," मी नवऱ्याला म्हटलं. "तू झाड आहेस."

"लग्नाला सात वर्षं झाली. झाड झालोच आहे." तो बोळाच्या टोकाला जाऊन उभा राहिला. मी दिवा लावला. "अगं! आंधळा झालो!"

"हळू बोल, टिटवी उठेल."

"झाडांना आवाज असतो हे तुला आजच कळलं का?" डोळ्यांवर आडवा हात धरून तो स्वयंपाकघरात निघून गेला. मी आपली हसत, हेल्मेट डोक्यावर, मान वर-खाली करत एकटीच राहिले. घरातले सगळे दिवे मीच घालवले होते. हँडलवरचाही बंद केला. आता फक्त डोक्यावरचा तपासायचा होता.

समोरच्या भिंतीवर पांढरा ठिपका पडला. आणि त्या ठिपक्यात माझी सावली होती.

मी मान हलवली. ठिपका हलला. सावली तिथेच राहिली. तिचे पाय माझ्या पायांपासून निघून जमिनीवरून पुढे गेले होते, भिंतीवर चढले होते, आणि डोकं पार छतावर, पंख्यापाशी पोहोचलं होतं.

भीती नंतर आली. पहिला विचार असा आला की हे चूक आहे. गणितात चूक असते तशी. डोक्यावर दिवा असताना मला माझी सावली दिसूच शकत नाही. आणि मागून कुणी दुसरा दिवा लावला असेल, तरी माझ्या एवढ्या प्रखर झोतात ती सावली पुसली जायला हवी. टिकायला नको.

मागे फक्त टिटवीची खोली. दार बोटभर उघडं.

मी वळले. माझा झोत दाराच्या फटीतून आत गेला. पलंगाचा कठडा, उशी, भिंतीकडे तोंड करून झोपलेली टिटवी, वर-खाली होणारी पाठ. बाकी काही नाही. पुन्हा भिंतीकडे वळले, तर तिथे नुसता ठिपका होता. स्वच्छ, गोल.

"अरे," मी स्वयंपाकघरात डोकावून विचारलं, "आत्ता तू फ्रिज उघडलास का?"

"उघडला. का? त्याचंही लायसन लागतं?"

चला, फ्रिज. मला इतकं बरं वाटलं की मी त्याच्या हातातलं अर्धं सफरचंद खाल्लं. फ्रिज बोळाच्या दुसऱ्या बाजूला आहे आणि त्याचा उजेड माझ्या पाठीमागून येऊच शकत नाही, हे मला दात घासताना आठवलं.

४

दुसऱ्या दिवशी मी शहाण्या माणसासारखी वागले. म्हणजे तोच प्रयोग पुन्हा केला.

बोळ अंधारा केला, हेल्मेट घातलं, त्याच फरशीवर उभी राहिले. फ्रिज उघडून पाहिला, बंद करून पाहिला. शेजारच्या जिन्याचा दिवा लागतो का ते पाहिलं. टिटवीच्या खोलीत आरसा नाही, काचेची फ्रेम नाही. एक स्टीलचा खुळखुळा होता, तो फिरवून पाहिला. काही नाही. सावली पडली नाही.

मग मी पुठ्ठ्याची एक बाहुली करून जमिनीवर ठेवली आणि मागून मोबाइलचा दिवा धरला. वर धरला की सावली आखूड होते. खाली, बाहुलीच्या गुडघ्याशी नेला, तेव्हा सावलीचं डोकं छताला लागलं. म्हणजे त्या संध्याकाळी मागचा उजेड खूप खाली होता. माझ्या गुडघ्याएवढा.

आमच्या घरात माझ्या गुडघ्याएवढं एकच माणूस आहे, आणि ते झोपलं होतं.

मी स्वतःलाच हसले. बाळंतपणानंतर डोळ्यांना ताण येतो, झोप अपुरी असते, काय काय होतं. नवऱ्याला सांगितलं असतं तर त्याने काळजीने माझ्याकडे पाहिलं असतं, आणि त्या नजरेची मला सावलीपेक्षा जास्त धास्ती होती. त्या नजरेनंतर शनिवारी ठरलेली डोंगराची फेरी होणार नव्हती.

आणि मला जायचं होतं. देवाशपथ, इतकं जायचं होतं की मी बॅटऱ्या दोनदा चार्ज केल्या.

५

डोंगराखालच्या पाण्याच्या टाकीपाशी वन्संनी गाडी लावली, तेव्हा पश्चिमेला अजून थोडा लाल रंग शिल्लक होता. सायकली उतरवून हवा तपासेपर्यंत तोही गेला.

"लाव," वन्सं म्हणाल्या.

दोघींचे चार दिवे लागले आणि माझ्या तोंडून किंकाळीच निघाली, आनंदाची. दिवसा पाहिलेली तीच वाट, तेच दगड, पण आता जग फक्त उजेडाएवढं उरलं होतं. बाकी काही नव्हतंच. ना भांडी, ना बिलं, ना मी कशी आई आहे हा प्रश्न. समोर वाटेचा एक तुकडा आणि तो संपायच्या आत पुढचा.

चढावर वन्सं पुढे, मी मागे. थोड्याच वेळात त्या ओरडल्या, "वहिनीबाई, अंतर ठेव! तुझ्या दिव्याने माझीच सावली माझ्या पुढ्यात पडतेय. मला रस्ता दिसेना."

"सॉरी, सॉरी!"

"मागचा माणूस फार जवळ आला की असंच होतं. उतारावर तर याने माणूस पडतो. आपलीच सावली खड्डा वाटते."

मी मागे राहिले. धाप लागत होती, मांड्या पेटल्या होत्या, घाम डोळ्यांत जात होता आणि मी वेड्यासारखी हसत होते. वर पोहोचलो तेव्हा दिवे घालवून जरा बसलो. खाली गावातले दिवे एका बाजूला सांडले होते. त्यातला आमचा कुठला, हे शोधायला मी मान वळवली आणि मग मुद्दाम शोधलं नाही.

"फोन कुठाय?" वन्सं म्हणाल्या.

"पाठीवरच्या पिशवीत. सगळ्यात खाली."

"शाब्बास गं माझी वाघीण. आता मी पुढे जाते, तू सावकाश ये. खाली टाकीपाशी थांबते. वाटेत थांबून एकमेकींच्या डोळ्यांत दिवे मारायचे नाहीत."

त्या गेल्या. त्यांचा उजेड झाडांतून एकदा इकडे, एकदा तिकडे दिसला आणि मग दिसेनासा झाला. मी त्यांना बरंच पुढे जाऊ दिलं. मग ब्रेक सोडले.

६

उताराचं वर्णन करता येत नाही. मी एवढंच सांगते की पहिल्या तीन वळणांत मी आई नव्हते, बायको नव्हते, नुसते दोन गुडघे आणि दोन डोळे होते. मान वळवायची, उजेड वळणाच्या पलीकडे जाऊन वाट शोधून आणायचा, आणि सायकल त्याच्या मागोमाग. मुळं, दगड, एक पायरी, उडी. मी ओरडत होते, "हो! हो! हो!"

चौथ्या वळणानंतर वाट सरळ होते. तिथे माझी सावली माझ्या पुढे आली.

माझ्या पुढच्या चाकापासून ती निघाली होती, वाटेवरून पुढे धावत होती आणि समोरच्या झाडांवर चढत होती.

कुणीतरी मागून येतंय, मला वाटलं. आणखी एक सायकलवाला, माझ्याहून वेगवान. असं झालं की बाजूला व्हायचं, हा डोंगरातला शिष्टाचार. मी ब्रेक लावले, एक पाय टेकवला, वाटेच्या कडेला सरकले आणि मागे न बघता हात हलवून म्हणाले, "या पुढे!"

कुणी आलं नाही. टायरचा आवाज नाही, साखळीचा नाही. सावली मात्र माझ्याबरोबरच थांबली होती.

आणि ती डुलत होती. सायकलवरचा दिवा थरथरतो, खड्ड्यात वर-खाली उडतो. हा तसा नव्हता. सावली एकदा डावीकडे झुकत होती, मग उजवीकडे. डावीकडे. उजवीकडे. मध्येच थबकत होती, जणू उजेड धरणाऱ्याचा तोल गेला. मग पुन्हा.

तिचं डोकं कुठे आहे हे पाहायला मी नजर वर नेली. ते झाडांच्या शेंड्यांत होतं.

म्हणजे उजेड खाली होता. माझ्या गुडघ्याएवढा.

मी वळून पाहिलं. माझ्या डोक्यावरच्या झोतात वाट लख्ख दिसली, मी नुकतीच उतरून आले ती. दगड, मुळं, माझ्याच टायरचे ठसे. रिकामी. पुढे वळले. सावली होती.

पिशवीत फोन होता. काढायला फक्त एक चेन उघडायची होती. मी हात मागे नेला आणि चेनवर ठेवला. फोन केला असता, तर नवरा म्हणाला असता, झोपली आहे, तू ठीक आहेस ना? त्या 'तू ठीक आहेस ना' मध्ये माझ्या सगळ्या संध्याकाळी गेल्या असत्या. नाही केला, आणि ती खरंच पलंगावर नसली तर?

शाळेत मी विज्ञानात बरी होते. मी स्वतःला म्हटलं, बाई, डोळ्यांवर विश्वास नाही ना, मग प्रयोग कर. तुझ्याच दिव्यांचा काही खेळ असेल, तर दिवे घालव.

मी हँडलवरचा घालवला. मग हेल्मेटवरचा.

अंधार झाला नाही.

७

वाट दिसत होती. फिकट, पण दिसत होती, आणि सावलीही. मला तेव्हा काय वाटलं हे सांगायला लाज वाटते. भीती होतीच, पण तिच्या खाली दुसरंच काही होतं. उतारावर होतं तेच. पुढे काय आहे ते बघायचंच, असं.

"टिटवे?" मी म्हणाले. हळूच. बिजागरी वाजू नये तसं.

डुलणं थांबलं.

मग सावली झाडांवरून खाली उतरायला लागली. आधी शेंडे सुटले, मग फांद्या, मग बुंधे. सावकाश, अजिबात न हलता. मागचा उजेड वर चढत होता. गुडघ्यावरून मांडीपर्यंत, कमरेपर्यंत. लहान मुलाला कुणी उचलून घेतं, तसा. खांद्यापर्यंत. सावलीचं डोकं आता माझ्या समोर होतं, माझ्याच उंचीवर. मोठं होत होतं. कडा पसरट होत होत्या. उजेड जवळ येत होता.

मला श्वास ऐकू आला नाही. ऊब जाणवली नाही. मानेवर काही लागलं नाही. फक्त सावली मोठी झाली, आणि मग नव्हतीच.

सगळी वाट लख्ख उजळली होती. प्रत्येक दगड, प्रत्येक पान. आणि सगळं चपटं, चित्रातल्यासारखं. एकाही वस्तूला सावली नव्हती.

मी डोक्याला हात लावून पाहिला. माझा दिवा बंद होता. काच गार झाली होती.

मी मागे पाहिलं नाही. ब्रेक सोडले. आणि आता खरं सांगायचं तर, तशी मी आयुष्यात कधी उतरले नव्हते. सावली नसली की खड्डे कळत नाहीत, मी आदळायला हवं होतं, पण एकाही दगडाने मला अडवलं नाही. मी बघायच्या आधीच उजेड वळणापलीकडे गेलेला असायचा. मी ओरडत होते. रडतही होते बहुतेक. थांबावंसं वाटत नव्हतं.

८

वन्सं टाकीपाशी दिवे घालवून उभ्या होत्या. मला पाहताच त्यांनी हात डोळ्यांवर आडवा धरला.

"अगं, दिवा खाली कर! सांगितलं होतं ना!"

मी ब्रेक दाबले. "बंद आहे, वन्सं."

"चेष्टा पुरे. डोळे दिपले माझे."

"दोन्ही बंद आहेत. वरच घालवलेत."

त्या हसायला लागल्या आणि मध्येच थांबल्या. हात तसाच डोळ्यांवर. "मला तू दिसत नाहीयेस," त्या म्हणाल्या. शाळेच्या मैदानावर हाक मारणारा त्यांचा आवाज एकदम घरातला झाला. "नुसता उजेड दिसतोय."

मी सायकलवरून उतरले. सायकल आडवी पडली, कुणी उचलली नाही. मग हळूहळू अंधार आला, साधा, नेहमीचा, आणि त्यात आम्ही दोघी होतो.

"डोळ्यांत साठून राहतो कधी कधी," वन्सं म्हणाल्या. "नवे दिवे फार प्रखर असतात." सायकली गाडीवर चढवताना त्या सारखं काही ना काही बोलत होत्या. चेनला तेल लाव. सीट जरा वर कर. मग त्यांनी पट्टा आवळताआवळता माझ्याकडे न बघता म्हटलं, "घरी फोन लाव."

घाबरणं म्हणजे काय हे ज्यांना पुस्तकात वाचून माहीत होतं, त्या बाईने हे म्हटलं.

मी लावला. नवऱ्याने पहिल्याच रिंगला उचलला. "काय म्हणतोय डोंगर? टिटवी? गाढ. तू गेल्यापासून हूं की चूं नाही. येताय ना? मी जेवायला थांबलोय. मजा आली?"

"खूप," मी म्हणाले. ते खोटं नव्हतं.

९

घरी आल्यावर मी हेल्मेट काढून सायकलच्या हँडलला लटकवलं. बॅटरीची वायर उपटून खिशात घातली. हात धुतले, तोंड धुतलं. स्वयंपाकघरात नवरा ताटं घेत होता, भांड्यांचा आवाज येत होता. बोळातला दिवा मी लावला नाही, कारण दार उघडताना उजेड थेट पलंगावर पडतो.

दार थोडं उचलून धरलं आणि लोटलं.

टिटवी जागी होती. पलंगात उभी, दोन्ही हातांनी कठडा धरून. रडत नव्हती. मला तिच्या पापण्यांचा एक एक केस दिसत होता. हनुवटीवर वाळलेलं दूध दिसत होतं. मागची भिंत उजळली होती, आणि त्या भिंतीवर कठड्याच्या गजांची सावली नव्हती.

तिने डोळे बारीक केले. नाक आकसलं. मान वळवली.

मीही झटकन मान वळवली, समोरच्याच्या डोळ्यांवरून उजेड काढतात तशी. बाजूच्या भिंतीकडे पाहिलं. भिंत अंधारी होती. उजेड वळला नव्हता. तो टिटवीच्या तोंडावरच होता.

मग मी विचार केला नाही. एक पाऊल आत टाकलं, दुसरं टाकलं आणि पलंगापाशी, तिच्या अगदी पुढ्यात उभी राहिले, दाराकडे पाठ करून.

माझी सावली तिच्यावर पडली. केसांपासून पायांपर्यंत. तिचे डोळे मोठे झाले, मोकळे झाले. तिने माझ्याकडे पाहिलं, जांभई दिली, गुडघे वाकवून खाली बसली, आडवी झाली आणि अंगठा तोंडात घातला.

मी जरा बाजूला सरकून पाहिलं. लगेच तिचा चेहरा आक्रसला. मी परत आले. ती शांत झाली.

"वाढलंय गं!" नवऱ्याने स्वयंपाकघरातून हाक मारली. "निवतंय!"

टिटवीचा श्वास लांब झाला. सावली आता नुसत्या पलंगावर नव्हती. ती कठड्याबाहेर गेली होती, भिंतीवर चढली होती आणि तिच्या कडा दोन्ही बाजूंना सावकाश पसरत होत्या.

"आले," मी म्हणाले, आणि हलले नाही.